सूचक कोण?

मंगळवारी, दोन जानेवारीला, तिसरा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले तेव्हा परिषदेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नोटीस येऊन पडली होती. समोरच निशिगंधा चाचणीचे पेपर तपासत बसली होती. मी नोटीस वाचली आणि तिला विचारलं, "ही कधी काढलीस गो? मला बोलली नाहीस."

"काय काढलं?"

मी फोन तिच्यापुढे धरला. शनिवारी, सहा जानेवारीला, पेणच्या अधिवेशनात विशेष सर्वसाधारण सभा. विषय, घटनेच्या कलम सातमध्ये दुरुस्ती. नोटिशीवर तारीख बारा डिसेंबर, म्हणजे तीन आठवडे मागची. आणि खाली सही : निशिगंधा शिगवण, कार्यवाह.

तिनं फोन हातात घेतला, सही मोठी करून पाहिली. मग लाल पेनाचं टोपण लावलं.

"सही माझीच आहे," ती म्हणाली. "पण ती मी इथे केलेली नाही."

आमची परिषद म्हणजे या भागातल्या कॉलेजांत राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांची संघटना. ऐंशीएक सभासद. वर्षाला एक अधिवेशन, एक अंक, दोन-तीन चर्चासत्रं. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा संघटनेच्या अध्यक्षपदासाठी कोण कशाला सही पळवेल? तर सांगते. परिषदेचा अध्यक्ष असला की माणूस विद्यापीठाच्या कमिट्यांवर जातो. पीएच.डी.चा विषय मंजूर करायला तोच, पेपर काढणारे ठरवायला तोच, आणि प्राध्यापक भरायचे असले की मुलाखतीत विषयतज्ज्ञ म्हणून समोर बसायलाही तोच. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या नोकऱ्या डॉ. बाबाजी कोठेकरांनी दिल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना त्या त्यांच्याकडूनच मिळायच्या होत्या. मी दुसऱ्या निम्म्यात. नऊ वर्षं रोह्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. एप्रिल आला की घरी, जुलैत पुन्हा अर्ज.

कलम सात सांगायचं की एका माणसानं अध्यक्षपद दोन मुदतींपेक्षा जास्त भूषवू नये. कोठेकर सरांच्या दोन मुदती त्या जानेवारीत संपत होत्या. डिसेंबरात त्यांनी निशिगंधाला फोन करून म्हटलं होतं, "ते कलम काढून टाकू. तू नोटीस काढ." घटनेप्रमाणे दुरुस्तीची नोटीस एकवीस दिवस आधी, कार्यवाहाच्या सहीनंच निघायला हवी. ती नाही म्हणाली होती. मला वाटलं होतं, विषय मिटला.

त्याच्याही आधी, नोव्हेंबरात, कुंडलिका नदीच्या पुलावरून घरी चालत जाताना मीच तिला म्हटलं होतं, "या वेळी तू उभी राहा. सहा वर्षं कार्यवाह आहेस, सगळं काम तूच करतेस, आणि हारतुरे सर घेतात."

"सूचक कोण होणार माझा?"

"मी होते की."

मी झालेही. तिच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून माझी सही होती, आणि अनुमोदक म्हणून माणगावकडच्या रितेशची. आमच्या संघटनेत अध्यक्षपदाला दुसरा अर्ज येण्याची ती पहिलीच वेळ.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एसटीनं पेणला गेलो. सरांचं घर रामवाडीत, डेपोपासून पाच मिनिटांवर.  वाटेत गडब गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

सरांनी स्वतः दार उघडलं. अंगात घरचा सदरा, चष्मा कपाळावर. "अगो, दोघी दोघी! या, या. पोह्याचे पापड तळलेत आत्ताच." असंच बोलायचे ते. आम्हां दोघींनाही त्यांनीच एम.ए.ला शिकवलं होतं. आणीबाणी शिकवताना त्यांचा आवाज असा चढायचा की बाजूच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहायची. हे मी मुद्दाम सांगते. त्या माणसाला काही कळत नव्हतं, अशातला भाग नाही.

"सर, माझी सही कोणी लावली?" निशिगंधानं उभ्या उभ्याच विचारलं.

"बस तर आधी."

"सही कोणी लावली?"

"निकेशनं. प्रमाणपत्रांसाठी तुझी सही स्कॅन करून ठेवलीय ना ऑफिसात, ती लावली. तुला परीक्षेची कामं होती, तुझे कष्ट वाचवले." निकेश म्हणजे आमचा सहकार्यवाह, सरांच्याच कॉलेजातला.

"मी नकार दिला होता."

"लेखी दिलास?" सर हसले. "फोनवर काहीतरी बोललीस. मला वाटलं, लेकीची रुसण्याची तऱ्हा असेल."

"आणि तारीख? तीही माझे कष्ट वाचवायला मागची टाकली?"

सर पापड मोडत राहिले. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "निशी, तू हुशार आहेस. पण ही संघटना मी वाढवलीय. उद्या तुझ्या हातात दिली तर विद्यापीठात तुझा फोन कोण उचलणार? तीन वर्षांत सगळं विसकटेल. आणखी एक मुदत मी काढतो, मग तूच."

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला. जो माणूस माझ्याशिवाय चालणार नाही म्हणतो, त्याच्यासाठीच मुदतीचं कलम असतं."

"ते देशाचं झालं," सर म्हणाले. "ही घरातली गोष्ट आहे."

 निशिगंधा आवाज चढवणारी बाई नव्हेच. ती एवढंच म्हणाली, "शनिवारी सभेत मी सांगणार, सही माझी नाही म्हणून." आणि चपला घालायला बाहेर गेली.

मी तिच्यामागे निघाले, तर सरांनी मला हाक मारली. हळूच, काळजीनं विचारल्यासारखं. "अनिता, तुमच्या कॉलेजातल्या जागेची मुलाखत वीस तारखेला ना? विषयतज्ज्ञ मीच आहे. तयारी नीट कर हो."

बस. धमकी नाही, काही नाही. पापडाची ताटली माझ्यापुढे केली आणि मी त्यातला एक तुकडा घेतला. अजून आठवलं की माझं तोंड कडू होतं. अशी वेळ, एवढी गोष्ट, आणि मी पापड खाल्ला.

एसटीत निशिगंधानं विचारलं, "काय म्हणाले गो तुला?"

"काही नाही. मुलाखतीची तयारी कर म्हणाले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असणार. तरी ती म्हणाली, "तू घाबरू नकोस. तुझ्या नावामागे नऊ वर्षं आहेत."

*

अधिवेशनाचा विषय होता 'तळागाळातली लोकशाही'. हॉलच्या दारात रांगोळी, पाहुण्यांना द्यायला पेणच्या गणपतीच्या मूर्ती, आणि व्यासपीठावर तीन प्राचार्यांच्या शेजारी चिमा हिलम.

चिमाला निशिगंधानं बोलावलं होतं. गडबपासून आत एका कातकरी वाडीतली ही बाई, गावची सरपंच झाली होती. राखीव जागा म्हणून. गावातल्या वजनदार सदस्यांना वाटलं होतं, ती मान हलवेल. ती हलवेना. तेव्हा दीड वर्षानं त्यांनी पाणी योजनेचा कागद म्हणून तिची सही घेतली आणि तो निघाला तिचाच राजीनामा. निशिगंधानं दोन वर्षं त्या वाडीत जाऊन अशा बायकांवर अभ्यास केला होता, आणि अधिवेशनात चिमा स्वतः वीस मिनिटं बोलणार असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं.

ती बोललीच नाही. म्हणजे तिला बोलू दिलं नाही. सरांचं बीजभाषण सव्वा तास चाललं. त्यात चिमाचा राजीनामा होता, पाणी योजनेचा कागद होता, निशिगंधाच्या लेखातली वाक्यंच्या वाक्यं होती. निशिगंधाचं नाव नव्हतं. मग वेळेअभावी म्हणून चिमाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला. आणि चिमा परत खुर्चीवर बसली, मांडीवर नारळ धरून.

जेवणाआधी सर्वसाधारण सभा. चिमाला व्यासपीठावरून उतरवायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे ती तिथेच होती.

निकेशनं दुरुस्तीचा ठराव वाचला. निशिगंधा उठली. तिच्या हातात परिषदेच्या घटनेची प्रत होती, पण तिनं ती उघडलीही नाही.

"या नोटिशीवरची सही मी केलेली नाही. ती प्रमाणपत्रावरून उचलून लावली आहे. तारीख खोटी आहे. नोटीस तुम्हां सगळ्यांच्या फोनवर मंगळवारी आली, तुमच्यापैकी कोणीही फोन काढून बघा. ही सभाच बेकायदा आहे."

हॉलमध्ये बावन्न माणसं होती. सगळी राज्यशास्त्राची. त्यातल्या अनेकांनी निवडणुकांवर पुस्तकं लिहिलेली. एकानंही फोन काढला नाही. काहींनी तर खिशातला फोन आणखी आत ढकलला.

सर माइकवर आले. "कार्यवाहांच्या भावना मी समजू शकतो. त्या स्वतः उमेदवार आहेत, त्यामुळे..." आणि त्यांनी वाक्य तसंच सोडलं. हॉलमध्ये थोडं हसू आलं. ते हसू मला अजून ऐकू येतं. मागच्या रांगेतून आलं होतं, आणि त्यात माझ्या ओळखीचे आवाज होते.

"गुप्त मतदान घ्या," निशिगंधा म्हणाली.

"आपण सगळे अभ्यासक. आपल्यात गुपित कसलं?" सर म्हणाले. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. सर शांतपणे एकेक रांग बघत होते. मोजत नव्हते, बघत होते. त्यांची नजर माझ्या रांगेवर आली. मी स्वतःला सांगत होते की हात खाली ठेव, फक्त खाली ठेव, काही करायचं नाही तुला. आणि माझा हात वर होता.

निशिगंधानं वळून पाहिलं नाही. ती समोरच बघत होती.

ठराव मंजूर झाला. मग अध्यक्षाची निवड. निकेशनं दोन अर्ज असल्याचं सांगितलं आणि आमच्या प्रथेप्रमाणे विचारलं, "शिगवण मॅडमच्या अर्जाचे अनुमोदक?"

रितेश उभा राहिला. त्याच्याही घरी कमावते दोन हात फक्त त्याचेच होते, पण तो उभा राहिला.

"सूचक कोण?"

मी बसून राहिले.

"सूचक?" निकेशनं पुन्हा विचारलं. कागदावर माझं नाव त्याच्या समोर होतं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, हॉलला माहीत होतं. शेजारच्या बाईनं मला कोपरानं हलकेच ढोसलं. मी पायाजवळच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पिशवीत फक्त पाण्याची बाटली होती.

"सूचक उपस्थित नाहीत असं समजून अर्ज बाद करण्यात येत आहे," निकेश म्हणाला. "डॉ. कोठेकर सर बिनविरोध निवडून आले आहेत."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या ओसरत असताना व्यासपीठावरून आवाज आला. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"त्या बाई म्हनतात, सही माझी नाय. मंग आधी त्यांना इचारा ना." चिमा उभी होती. "माझ्या येळेला मला कळत नव्हतं वाचाया. तुमी तर समदी शिकलेली हाव."

 निकेश तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "ताई, चला, जेवण तयार आहे." चिमानं नारळ टेबलावर ठेवला आणि खाली उतरली. शालही तिथेच राहिली.

*

परतताना आम्ही तिघी एकाच एसटीत होतो, कारण रोह्याची दुसरी गाडी लगेच नव्हती. निशिगंधा पुढे, ड्रायव्हरमागच्या सीटवर एकटी बसली. चिमा माझ्या शेजारी आली. तिनं विचारलं, अगदी सरळ, माहिती विचारावी तसं, "बाई, तुमी का नाय उठल्या?"

मी म्हटलं, "वीस तारखेला नोकरीची मुलाखत आहे. तेच घेणार आहेत."

"हां," चिमा म्हणाली. "आमच्या वाडीचा एक मेंबर व्हता, दत्ता. त्यानंच आनला व्हता तो कागद माझ्याकडं. त्याला कंपनीत कामाला लावतो बोलले व्हते. लावला बी. आता नागोठण्याला शिफ्टला जातो." मग ती म्हणाली, "तो माझ्या दारावरनं जात नाय. लांबनं जातो. वाईट वाटतं मला त्याचं. पन बोलवीत नाय मी."

गडबला ती उतरली. नागोठण्यापासून रोह्यापर्यंत मी पुढच्या सीटवरची निशिगंधाची पाठ बघत बसले. उठून तिच्याजवळ जावं असं चार वेळा वाटलं. चारही वेळा मी स्वतःशी म्हटलं, काय बोलणार?

*

वीस तारखेला मुलाखत झाली. सरांनी मला दोन सोपे प्रश्न विचारले, तिसऱ्याचं उत्तर स्वतःच सांगितलं. मला नोकरी लागली. हे मी लपवत नाही. घरी आईनं पेढे वाटले, आणि मी त्यातला एकही खाऊ शकले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. खाल्ला. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात एक राग बसला तो हलेना. आधी वाटलं तो सरांवरचा आहे. मग वाटलं, माझ्यावरचा. नंतर त्याची वाटणी करायचं मी सोडून दिलं. वर्गात मूलभूत हक्क शिकवताना माझा आवाज आपोआप चढायचा. आणि चढला की मला कोठेकर सर आठवायचे, आणि मी एकदम गप्प व्हायचे. मुलं चकित होऊन बघायची.

निशिगंधा विभागप्रमुख. मला वेळापत्रक द्यायची, कागद पुढे सरकवून. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. काहीच नव्हतं.

एप्रिलमध्ये कळलं की नवीन कार्यकारिणीचा बदल अहवाल अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात दाखल झालाय आणि निशिगंधानं त्यावर हरकत घेतलीय. वकील नाही, स्वतःच. संस्थेत कोण पदावर आलं ते तिथे नोंदवावं लागतं, आणि हरकत असेल तर सुनावणी होते. रितेशनं मला सांगितलं, "तिच्याकडे पुरावा थोडा आहे. ज्या क्षणी तिनं नोटीस पहिल्यांदा बघितली, त्या क्षणी समोर कोण होतं, ते तिनं अर्जात लिहिलेलं नाही."

समोर मी होते.

मी दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापाशी उभी राहिले. "निशिगंधा, मी शपथपत्र देते. स्टाफरूमचं. रामवाडीत सर जे बोलले, निकेशनं सही लावली म्हणाले, तेही."

"तुझी परिवीक्षा चालू आहे. दोन वर्षं तरी तुला कायम करणार नाहीत."

"माहीत आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. त्या चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली, आणि तो राग मी पहिल्यांदा पाहिला. आवाज मात्र खालीच होता. "दे. खरं आहे म्हणून दे. माझ्यासाठी म्हणून देऊ नकोस. माझ्यासाठी जे करायचं होतं त्याचा दिवस गेला."

मी शपथपत्र दिलं. सरांचा त्याच संध्याकाळी फोन आला. मी उचलला. "अनिता, तुला मी..." ते म्हणाले.

"नोकरी तुम्ही दिली नाहीत सर," मी म्हटलं.  "नऊ वर्षं मी शिकवलं. तुम्ही फक्त ती अडवून धरली होती. आणि मी तुमच्यापुढे मान तुकवली, याची लाज मला आहे. तुम्हाला कशाचीच नाही." आणि फोन ठेवला. जे पेणच्या हॉलमध्ये बोलायला हवं होतं, ते स्वयंपाकघरात बोलले.

सुनावण्या नोव्हेंबरपर्यंत चालल्या. निशिगंधा दर तारखेला रजा टाकून जायची. नोटिशीची मूळ प्रत हजर करा असं तिनं मागितलं. ती नव्हतीच. उलटतपासणीत निकेशला तिनं तीनच प्रश्न विचारले, आणि तिसऱ्याला तो म्हणाला, "सरांनी सांगितलं म्हणून लावली." पुढची तारीख पडायच्या आत परिषदेनं बदल अहवाल मागे घेतला. कोठेकर सरांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. ग्रुपवर पन्नास जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि लिहिलं, 'एका युगाचा अंत'. मी ते वाचून फोन भिंतीवर मारणार होते.

फेब्रुवारीत नव्यानं निवडणूक झाली. या वेळी मतपेटी होती, गुप्त मतदान होतं, कलम सात जागेवर होतं. निशिगंधाला तेहतीस मतं पडली. निवडून आला निकेश, एकेचाळीस मतं मिळवून. ज्यानं सही चिकटवली तो. निवडून आल्यावर भाषणात तो म्हणाला, "झालं गेलं विसरून पुढे जाऊ या," आणि पहिली घोषणा केली ती कोठेकर सरांच्या गौरवग्रंथाची. निशिगंधानंही एक लेख द्यावा अशी त्यानं व्यासपीठावरून विनंती केली. ती जागेवरूनच म्हणाली, "देईन. बनावट नोटिशीवर. छापशील?" हॉलमध्ये या वेळी कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतली दोन-तीन तरुण मुलं-मुली, नव्यानं लागलेली, तिच्याकडे वळून बघत होती.

त्या दिवशी परतताना पेण डेपोत मी तिला विचारलं. विचारू नये ते विचारलं. "मला माफ केलंस का गो?"

गाडी लागत होती. तिनं पर्स खांद्यावर नीट केली.

"केलं म्हटलं तर तुला बरं वाटेल," ती म्हणाली. "म्हणून नाही म्हणत." मग पायरीवर पाय ठेवून ती मागे वळली. "उद्या साडेसातचा तास तुझा आहे. मी गडबला उतरतेय, चिमाकडे. ती पुन्हा उभी राहतेय, तिचा अर्ज बघायचाय. उद्या मला उशीर झाला तर माझाही घे."

मी हो म्हटलं.